मुरुमांच्या चेहऱ्यावर पाते फिरवताना

दाढी आणि मुरुम या जोडीबद्दल इतकी पत्रे साचली होती की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडक्यात घेतली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी अठरा वर्षांचा आहे. गालांवर आणि हनुवटीवर भरपूर मुरुम आहेत आणि दाढीही दाट यायला लागली आहे. घरचे म्हणतात, मुरुम जाईपर्यंत पाते लावू नकोस, ते आणखी वाढतात. मित्र म्हणतात, दाढी केली की चेहरा मोकळा होतो. कुणाचं ऐकू? (विद्यार्थी, अहिल्यानगर)

दोघांचेही अर्धे-अर्धे खरे आहे. पात्यामुळे तारुण्यपीटिका जन्माला येत नाहीत. त्यांचे मूळ त्वचेच्या आत असते. वयात येताना अँड्रोजेन हे पुरुषी हार्मोन वाढते, केसाच्या मुळाशी असलेली तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागते आणि रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बोळा बसतो. त्यामागे तुंबलेल्या तेलात क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात आणि सूज येते. दाढी ठेवल्याने यातले काहीच थांबत नाही. पण पिकलेल्या पुटकुळीवरून पाते गेले की तिचे टोक उडते आणि उघडी जखम होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा जखमेमागे काळपट डाग उरतो. पुटकुळी आठवड्याभरात बसते, डाग मात्र महिनोन्महिने जात नाही. तेव्हा दाढी जरूर कर, फक्त घोटून करू नकोस. या सदरातल्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हेच पुन्हा येणार आहे.

मुरुम जोरात आहेत तोवर ट्रिमर सर्वांत सोयीचा. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा कर आणि अर्धा ते एक मिलिमीटर खुंट राहतील असा ट्रिमर आठवड्यातून दोनदा फिरव. खुंट राहिले म्हणजे पाते त्वचेला टेकलेच नाही. ट्रिमरच्या तोंडाशी अडकलेले केस दर वेळी ब्रशने झाड आणि आठवड्यातून एकदा ते स्पिरिटने पूस.

रेझरच वापरायचा असेल तर आधी आपल्या केसांची दिशा शोध. तीन दिवस दाढी वाढू दे. मग बोटाचे टोक गालावरून, जबड्यावरून, मानेवरून चारही बाजूंना फिरव. ज्या बाजूला बोट सुळकन जाते ती केसांची दिशा. जिकडे खरखरते ती उलटी. गालावर केस बहुधा वरून खाली वाढतात. मानेवर मात्र बऱ्याच जणांचे खालून वर किंवा आडवे असतात, आणि कधी कधी डावी-उजवी बाजूही सारखी नसते. कागदावर चेहऱ्याचा आकार काढून त्यावर बाण मारून ठेव. पाच मिनिटांचे काम आहे, पण पुढे जन्मभर उपयोगी पडते.

दाढी आंघोळीनंतर लगेच करायची. केसाला पाणी शोषायला दोन-तीन मिनिटे लागतात. भिजलेला केस मऊ होतो आणि तो कापायला बराच कमी जोर लागतो. बहुतेक जण इथेच घाई करतात. चेहऱ्यावर चार शिंतोडे मारून लगेच फेस काढला तर केस आतून कोरडाच राहतो. मग पाते ओढले जाते, हात आपोआप दाब देतो आणि त्वचा सोलली जाते. पाणी कोमट घे. कढत पाण्याने त्वचेचे तेल धुऊन जाते आणि चेहरा आधीच लाल होतो.

बदामाएवढे शेव्हिंग क्रीम पुरते. पुटकुळ्या असताना ब्रश घासत बसू नकोस, बोटांनी फेस लाव आणि एक मिनिट तसाच राहू दे. मेंथॉलचे, झोंबणारे क्रीम घेऊ नकोस. खोबरेल तेल लावून त्यावरून दाढी करायची पद्धत काही घरांत आहे. मुरुमांच्या त्वचेवर ती टाळ, कारण खोबरेल रंध्रे बुजवते.

एका किंवा फार तर दोन पात्यांचा रेझर घे. तो त्वचेवर नुसता टेकव, दाबू नकोस. केसांच्या दिशेने दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे फटके मार आणि दर दोन फटक्यांनंतर पाण्यात खळबळून घे. एकदाच फिरवायचा. गुळगुळीत वाटले नाही म्हणून पुन्हा उलटा फिरवायचा मोह होईल, तेव्हा थांब. पिकलेल्या पुटकुळीला वळसा घाल. तिथले चार केस राहिले तर राहू देत, दोन दिवसांनी ट्रिमरने निघतील. पाते चार-पाच दाढ्यांनंतर बदल. बोथट पाते केस कापण्याआधी ओढते. दाढी झाल्यावर रेझर झटकून न्हाणीघराबाहेर कोरड्या जागी ठेव, कारण ओलसर जागी त्यावर गंजही चढतो आणि जिवाणूही वाढतात.

शेवटी गार पाणी मार आणि स्वतःच्या स्वच्छ पंचाने टिपून घे, पुसू नकोस. कापले असेल तिथे स्वच्छ कापूस दोन मिनिटे दाबून धर. मग हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर लाव. डबीवर ‘नॉन-कोमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रे न बुजवणारे, असे लिहिलेले बघून घे. बाहेर जायचे असेल तर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लाव. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके. डाग उन्हाने गडद होतात, म्हणून सनस्क्रीन हा डागांवरचा अर्धा उपचार समज.

गाठीसारखे दुखरे मुरुम असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नकोस, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. डाग पुढे निवळतात, खड्डे आपोआप भरून येत नाहीत. आणि मुरुम ही अस्वच्छतेची खूण नव्हे, हे घरच्यांना आमच्या वतीने सांग.

प्रश्न : कपाळ आणि गाल स्वच्छ आहेत, पण जबड्याखाली आणि मानेवर सतत पुटकुळ्या. मी पाच पात्यांच्या कार्ट्रिजने रोज घोटून, मानेवर उलट दिशेनेही दाढी करतो. मुरुमांची जेल तीन महिने लावली, फरक शून्य. (वय २६, पुणे)

तुमच्या वर्णनावरून हे मुरुम नसून आत वळलेले केस असावेत. ओळखायची रीत सोपी आहे. मुरुमांच्या भागात काळ्या-पांढऱ्या तोंडाचे बारीक ब्लॅकहेड, व्हाइटहेड दिसतात. आत वळलेल्या केसांच्या जागी ते नसतात. त्याऐवजी उजेडात नीट पाहिले तर पुटकुळीच्या मध्याशी काळा ठिपका किंवा केसाचा वळसा दिसतो. त्या दाढीनंतर एक-दोन दिवसांनी उठतात, फक्त दाढीच्याच भागात असतात आणि दाढी ठेवली की हळूहळू कमी होतात. कुरळ्या, जाड केसांच्या लोकांना हा त्रास सर्वाधिक.

कारण पात्याच्या रचनेत आहे. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिले पाते केस पकडून थोडा वर ओढते आणि मागची पाती तो कापतात. सोडलेला केस मग त्वचेच्या पातळीखाली जातो. कातडी बोटांनी ताणून उलट दिशेने रेझर चालवला की हेच आणखी होते. तिरक्या कापामुळे केसाचे टोक भाल्यासारखे अणकुचीदार झालेले असते. वळणदार केस वाढू लागला की एक तर आतल्या आतच रंध्राची भिंत भोसकतो, नाही तर बाहेर येऊन एक-दोन मिलिमीटर वाढून वळतो आणि शेजारच्या त्वचेत घुसतो. शरीर त्याला परके समजते आणि सूज येते. जेलने फरक पडला नाही, कारण अडचण तेलाची नव्हती.

रेझर तीन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवा. पहिल्या आठवड्यात त्रास वाढल्यासारखा वाटेल, कारण आधी कापलेले केस याच काळात घुसत असतात. बहुतेक जण इथेच घाबरून पुन्हा दाढी करतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. नेट धरा. केस सेंटिमीटरभर झाले की वळसे स्वतःच्या ताणाने सुटतात. या काळात रोज रात्री कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कपडा पाच मिनिटे मानेवर ठेवा आणि मऊ कपड्याने हलकेच गोल फिरवा. केसाचा वळसा वरून स्पष्ट दिसत असेल तर स्पिरिटने पुसलेल्या सुईच्या टोकाने तो नुसता उचलून मोकळा करा. उपटू नका. उपटलेल्या जागी नवा केस त्वचेच्या आतूनच वाट काढू लागतो आणि पुन्हा अडकतो. दिसत नसलेला केस खणून काढायला जाऊ नका, तिथे डाग आणि जाड वण पडतो.

सूज ओसरल्यावर कायमचा मार्ग म्हणजे ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट ठेवणे. ऑफिसात हे नीटनेटकेच दिसते. रेझर हवाच असेल तर एक पाते, केसांच्या दिशेने, कातडी न ताणता, एक दिवसाआड. सोबत रात्री ॲडापॅलिन किंवा ग्लायकोलिक आम्लाचे क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावले तर रंध्राचे तोंड मोकळे राहते. एवढ्यानेही भागत नसेल तर लेसरने केस कमी करणे हा खरा दीर्घकाळचा इलाज. आपल्या वर्णाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर जास्त सुरक्षित, कारण त्याची ऊर्जा वरच्या त्वचेतल्या रंगद्रव्यात कमी शोषली जाते. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा बैठका लागतात. यंत्र कोणते आहे, हे आधी विचारून घ्या.

दुचाकी चालवत असाल तर हेल्मेटचा पट्टाही पाहा. घामट, मळका पट्टा रोज त्याच जागी घासतो. दर आठवड्याला साबणाने धुऊन उन्हात वाळवा. कडक कॉलरचेही तसेच.

आपल्याकडे दाढीतल्या कोणत्याही फोडाला केसतोड म्हणतात. खरा केसतोड वेगळा असतो. स्टॅफिलोकॉकस जिवाणूंमुळे केसाच्या मुळाशी होणारा तो मोठा, ठणकणारा, हाताला गरम लागणारा फोड. त्याच्या आसपास पाते लावू नका आणि पिळू नका. दोन दिवसांत उतरला नाही, ताप आला किंवा तो नाक-वरच्या ओठाच्या भागात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पोलीस प्रशिक्षणाला आहे. रोज पहाटे साडेचारला उठून गुळगुळीत दाढी करावी लागते. चेहरा सोलून निघाला आहे. (वय २३)

वेळ कमी आहे म्हणून भिजवण्याचा वेळ दुसऱ्या कामात बसवा. उठल्याबरोबर ओला पंचा जबड्याला गुंडाळा आणि दात घासायला लागा. दात घासून होईतो केस मऊ झालेले असतात. केसांच्या दिशेने एकदा, आणि गरजच पडली तर पुन्हा फेस लावून आडवे एकदा. उलट कधीही नको. कोरड्या त्वचेवर दुसरा हात मारणे हेच सोलण्याचे पहिले कारण असते. पाते दर चार दिवसांनी बदला. जाळीचा विजेवरचा शेव्हर परवडत असेल तर तो घ्या. जाळीमुळे पाते त्वचेला थेट लागत नाही आणि दाढी कवायतीपुरती स्वच्छ दिसते. कवायतीनंतर घाम तसाच सुकू देऊ नका, साध्या पाण्याने चेहरा धुवा. पू भरलेल्या पुटकुळ्या पसरत असतील तर केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून काही आठवडे सूट मिळते का, हे लेखी विचारा. मागायला लाजू नका, हा आजारच आहे.

प्रश्न : डॉक्टरांनी रात्री ॲडापॅलिन ०.१ टक्के आणि सकाळी बेंझॉईल पेरॉक्साइड जेल दिली आहे. सकाळी दाढीनंतर जेल लावली की डोळ्यांत पाणी येईल इतकी आग होते. औषध बंद करू का? (वय २१, ठाणे)

औषध बरोबर आहे, क्रम बदलायला हवा. दाढीने त्वचेचा वरचा थर खरवडला जातो. त्यावर लगेच बेंझॉईल पेरॉक्साइड लावणे म्हणजे ओरखड्यावर औषध चोळणे. डॉक्टरांना विचारून दाढीच्या दिवशी तेच औषध फेसवॉशच्या रूपात वापरा. दाढीच्या आधी लावा, दोन-तीन मिनिटे राहू द्या, धुऊन टाका आणि मग दाढी करा. जेलच वापरायची असेल तर २.५ टक्क्यांची मागून घ्या. ५ किंवा १० टक्क्यांच्या मानाने तिचा गुण जवळपास तेवढाच असतो आणि आग बरीच कमी. या औषधाने रंगीत कपड्यांचा रंग उडतो. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, नाही तर घरात वाद होतील.

ॲडापॅलिन सकाळच्या दाढीपासून दूर, रात्री झोपताना. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे, चेहरा धुऊन वीस मिनिटांनी, कोरड्या त्वचेवर. फक्त पुटकुळीवर ठिपके लावून उपयोग नाही, कारण उद्या उठणारी पुटकुळी आज दिसत नसते. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून लावा. फार कोरडे पडले तर खाली-वर मॉइश्चरायझरचा थर द्या. पापुद्रे सुटत असतील त्या आठवड्यात रेझर बंद आणि ट्रिमर चालू. ज्या दिवशी संध्याकाळी दाढी केली त्या रात्री ॲडापॅलिनला सुट्टी. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि मधल्या काळात मुरुम थोडे वाढूही शकतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही होत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्याचेच आम्हाला सर्वांत वाईट वाटते.

कुणाला तीव्र मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा फार नाजूक झालेली असते. त्यांनी गोळ्या संपेपर्यंत ट्रिमरवरच भागवावे.

प्रश्न : दाढीनंतर तुरटी लावणे चांगले की वाईट? आणि लिंबू? (नाशिक)

तुरटी चालेल, शिस्तीत वापरली तर. ती रक्त थांबवते, त्वचा आकसून घेते आणि जिवाणूंची वाढ थोडी रोखते. ओल्या चेहऱ्यावर एकदा फिरवा, अर्धा मिनिट थांबा, धुऊन टाका आणि मॉइश्चरायझर लावा. धुतली नाही तर ती त्वचा कोरडी करून भेगाळते, आणि ॲडापॅलिन चालू असेल तर तिची गरजच नाही. तुरटीचा खडा प्रत्येकाचा स्वतःचा हवा. सलूनमधला सगळ्यांच्या गालांवर फिरलेला खडा नको. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे काळे चट्टे पडतात. अल्कोहोलचे आफ्टरशेव्ह झोंबते म्हणजे काम करते, हा समज सोडून द्या.

प्रश्न : हनुवटीवर जाड केस आणि त्याच भागात मुरुम. पाळी अनियमित आहे. मुरुमांसाठी ॲडापॅलिन लावते. वॅक्सिंगनंतर कातडीच सोलून निघाली. रेझर वापरला तर केस दाट होतील का? (वय ३१, सोलापूर)

ताई, रेझरने केस दाट किंवा जाड होत नाहीत. केसाचे टोक नैसर्गिकरीत्या निमुळते असते. मधून कापले की बोथट, रुंद टोक उरते आणि हाताला ते राठ लागते. केसाचे मूळ त्वचेच्या आत आहे, तिथवर पाते पोहोचतच नाही. स्वच्छ, एक-पाती फेस रेझर किंवा छोटा ट्रिमर वापरायला तुम्हाला काहीच हरकत नाही. पद्धत वर विद्यार्थ्याला सांगितली तीच: भिजवणे, फेस, केसांच्या दिशेने एकदा.

वॅक्स त्वचेला चिकटते आणि ॲडापॅलिनमुळे सैल झालेला वरचा थर केसांबरोबर उचलून नेते. म्हणून सोलले. वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करायचेच तर त्याआधी पाच ते सात दिवस त्या भागात ॲडापॅलिन बंद ठेवावे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेताना आणि त्यानंतर सहा महिने चेहऱ्याला वॅक्स नकोच. त्यातही उपटलेल्या केसांच्या जागी हनुवटीवर आत वळलेल्या केसांचे फोड येतात आणि लोक त्यांना मुरुमच समजतात.

तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची ओळ मात्र पाळीची आहे. अनियमित पाळी, हनुवटीवर जाड केस आणि जबड्याच्या रेषेवर मुरुम हे तिन्ही एकत्र असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. हार्मोन्सकडे लक्ष दिल्याशिवाय वरून लावलेले क्रीम अर्धेच काम करते. लेसरचा विचार करत असाल तर हेही आधी माहीत असू द्या: पीसीओएसमध्ये केस पुन्हा येत राहतात, अधूनमधून बैठका घ्याव्या लागतात, आणि काही जणींच्या जबड्याच्या कडेची लव लेसरनंतर उलट दाट झालेली आढळते. गर्भधारणेचा विचार असेल तर ॲडापॅलिन थांबवून डॉक्टरांना विचारा. त्या काळात ॲझेलेइक आम्ल हा सुरक्षित पर्याय मानला जातो, आणि ते डागांवरही काम करते.

प्रश्न : गावातल्या सलूनमध्ये दाढी करतो. नंतर पुरळ उठते. मेडिकलवाल्याने एक मलम दिले, लावले की दोन दिवसांत चेहरा गोरा आणि स्वच्छ, बंद केले की दुप्पट. वर्षभर हेच चालू आहे. (परभणी जिल्हा)

आधी मलम. नळीवरचे बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. ते सूज दाबते आणि त्वचेचा रंग उजळवते, म्हणून दोन दिवस जादू वाटते. वर्षभर लावले की त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसतात, एकसारख्या बारीक पुटकुळ्यांचे पीक येते आणि बंद करताच चेहरा भडकतो. तो भडका पाहून माणूस पुन्हा मलम लावतो आणि त्यातच अडकतो. एकदम फेकून देऊ नका आणि चालूही ठेवू नका. नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते पायरीपायरीने सोडवतील. काही महिने लागतात, पण सुटते. तोवर रेझर बंद.

आता सलून. न्हावीदादांना आधीच सांगायचे: नवे ब्लेड समोर फोडा, एकच हात, उलट नको. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असेल तर ब्लेडच नव्हे, ते पकडणारी पट्टीही स्पिरिटने पुसायला सांगा. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस टिकतो, म्हणून हा आग्रह सभ्यपणे पण ठामपणे धरा. या आजाराची लसही उपलब्ध आहे. पंचा आणि ब्रश घरून न्या. गालावर एका रेषेत बारीक, चपटे चामखीळ उगवले असतील तर पाते ज्या मार्गाने गेले त्या मार्गाने विषाणू पेरला गेला आहे असे समजा. ते जाईपर्यंत दाढी बंद ठेवा, नाही तर रेषा लांबत जाते.

प्रश्न : रासायनिक कारखान्यात हाफ-मास्क रेस्पिरेटर लावावा लागतो. दाढी ठेवू शकत नाही आणि केली की मास्कच्या कडेखाली पुटकुळ्या. (लोटे परशुराम)

इथे ‘खुंट ठेवा’ हा आमचा नेहमीचा सल्ला लागू नाही. मास्कची रबरी कड त्वचेला घट्ट बसली तरच तो वायू अडवतो. कडेखाली खुंट राहिले की फट राहते. श्वास त्वचेहून मोलाचा. पण गुळगुळीत हवी ती फक्त कडेची पट्टी: नाकाच्या बाजूने गालावरून हनुवटीखाली जाणारी साधारण तीन बोटे रुंदीची. तेवढीच रोज कामाच्या पाळीच्या आधी एका पात्याने, केसांच्या दिशेने करा. बाकी दाढीला ट्रिमर. मॉइश्चरायझर मास्क लावण्याच्या निदान अर्धा तास आधी, पातळ, नाही तर कड घसरते. कामाची पाळी संपली की मास्कची कड कारखान्याच्या नियमाप्रमाणे धुऊन वाळवा आणि चेहराही लगेच धुवा. घाम, घर्षण आणि रबर मिळून होणारे हे मुरुम कडेच्या रेषेतच येतात. तिथे पापुद्रे आणि खाज असेल तर रबराची ॲलर्जी असू शकते, तेव्हा सिलिकॉनच्या कडेचा मास्क मागा. त्रास थांबतच नसेल तर सुरक्षा अधिकाऱ्यांकडे बॅटरीवर हवा पुरवणाऱ्या, डोक्यावरून घालायच्या सैल हुडाची मागणी करा. त्याला दाढी आड येत नाही.

प्रश्न : दाढीत एका बाजूला सुजलेला, पू वाहणारा गोल चट्टा. मुरुमांची औषधे झाली. तिथले केस हात लावला तरी निघून येतात. घरी गाई-म्हशी आहेत. (वय ३८, कोल्हापूर जिल्हा)

केस न दुखता सहज निघून येतात आणि घरी जनावरे आहेत, या दोन गोष्टी एकत्र आल्या की हा दाढीतला नायटा असण्याची शक्यता मोठी. ही बुरशी जनावरांकडून माणसाला लागते आणि अशी बुरशी माणसात फार सूज आणते, म्हणून मुरुम किंवा केसतोड समजून प्रतिजैविके दिली जातात. डॉक्टर चट्ट्यातले दोन-चार केस काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तिथेच उलगडा होतो. बुरशी केसाच्या मुळात असते, तिथवर वरचे मलम पोहोचत नाही, म्हणून कित्येक आठवडे पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. पुरे बरे होईतो रेझर पूर्ण बंद, वापरलेले पाते टाकून द्या, पंचा आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवून गरम पाण्यात धुवा. गोठ्यातल्या वासरांच्या डोळ्यांभोवती, कानांवर, मानेवर राखाडी, खपलीसारखे गोल चट्टे आहेत का पाहा. असतील तर पशुवैद्यांना बोलवा आणि तोवर हातमोजे घालूनच त्यांना हात लावा. घरातल्या लहान मुलांची डोकीही तपासा. तिथे केस गळालेला गोल चट्टा दिसला तर त्यांनाही त्याच डॉक्टरांकडे घेऊन जा.